बिलबुकातली कोरी पानं

अण्णा, तुम्ही सेलूच्या ज्या लोखंडी सामानाच्या दुकानात बारा वर्षं बिलं लिहिलीत, तिथे आता बिलं हाताने लिहीत नाहीत. तुमचं उतरतं मेज जिथे होतं तिथे काचेची एक लहान खोली केली आहे. आत कॉम्प्युटर, त्याला जोडलेला प्रिंटर आणि वीज गेल्यावर दहा मिनिटं तग धरणारी बॅटरीची पेटी आहे. धान्याच्या मोंढ्यापलीकडच्या जिनिंगमधून कापूस उडत येतो आणि प्रिंटरच्या दात्यांत अडकतो, म्हणून काच. ही सगळी मांडणी मी केली आहे आणि बिलं करणारा प्रोग्रामही मीच लिहिला आहे. मोठेपणा म्हणून सांगत नाही. कुठल्याही गोष्टीत कोण, कुठे, काय हे तुम्हाला आधी कळलेलं आवडायचं, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते.

तुम्ही गेलात तेव्हा मी दहा वर्षांची होते. नंतर आईने मला शिकवलं, मी औरंगाबादला तंत्रनिकेतनात तीन वर्षं काढली आणि आता परभणीत कॉम्प्युटर विकणाऱ्या एका लहान कंपनीत काम करते. दुकानदारांकडे मशीन बसवायचं, त्यांच्या धंद्याप्रमाणे प्रोग्राम करून द्यायचा आणि माणसं शिकवायची, एवढं माझं काम. सेलूचं हे दुकान मी पहिल्यांदा एकटीने घेतलं. सकाळच्या पॅसेंजरने येते, संध्याकाळी परत जाते, कधी आईकडे राहते. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव या जानेवारीत बदललं, म्हणजे नेमकं सांगायचं तर वाढवलं. तुम्ही असता तर आधीचं नाव खोडलं की शेजारी लिहिलं, एवढंच विचारलं असतं. शेजारी लिहिलं, अण्णा.

मशीन काय करतं ते सांगते. माल आणि नग टाकले की दर, त्या मालावरचा विक्रीकर आणि बेरीज ते स्वतः करतं. बिलाला नंबर ते स्वतः देतं, आदल्या बिलाच्या पुढचा, आणि तो कुणालाही बदलता येत नाही. कागद तीन पदरी असतो, पांढरा गिऱ्हाइकाला, गुलाबी गाडीवानाला, पिवळा दुकानात. कार्बन घालावा लागत नाही. शिवाय चौथी प्रत कागदावर नसते, ती मशीनच्या आत असते आणि हवी तेव्हा पुन्हा छापता येते. हा शेवटचा मुद्दा छोट्या दुकानदारांना पटवायला सगळ्यांत अवघड जातो. त्यांना मशीन म्हणजे भरभर लिहिणारा कारकून वाटतो. ते लिहितं हे खरं, पण त्याचं मुख्य काम लक्षात ठेवणं हे आहे, आणि काय लक्षात ठेवायचं हे मालकाला निवडता येत नाही.

बिल इंग्रजी अक्षरांत येतं, त्याला माझा इलाज नाही. पहिल्या आठवड्यात वालूरचे एक शेतकरी गोठ्यासाठी पत्रे घ्यायला आले होते. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "बाई, मला तर निस्त्या मुंग्या दिसायल्यात. यात माझं नाव कंचं?" मी पेन्सिलीने खूण केली. ते म्हणाले, "अन् बापाचं?" बापाचं नाव नव्हतं. नावासाठी मी वीस अक्षरांची जागा ठेवली होती आणि वीस अक्षरांत बाप मावला नव्हता. मालक गादीवरून म्हणाले, "मास्तर पुरं नाव लिवायचे. बापासकट, गावासकट." तुम्ही कधी कुठे शिकवलं नाहीत तरी अक्षरावरून दुकानाने तुम्हाला मास्तर केलं, ते नाव अजून चालतं. मी त्याच दुपारी जागा चाळीस अक्षरांची केली.

मालक आता थकलेत. कान कमी ऐकतात, डोळे मात्र साफ आहेत. मशीन त्यांनी पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर महिन्याने परत, या बोलीवर घेतलं होतं. महिना संपायला चार दिवस असताना त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "महिन्याच्या शेवटाला पाच पानं कोरी सोडायची सोय कुठाय यात?"

मला समजलं नाही. मी म्हटलं, यात पानं नसतात, नंबर असतात.

"मग पाच नंबर कोरे सोड."

"कशासाठी?"

"लागतात. एखादं बिल मागं घालावं लागतं. माल गेलेला असतो, बिल ऱ्हायलेलं असतं. गिऱ्हाईक दोन महिन्यांनी येतं न् म्हणतं बिल द्या. मग कुठून देऊ, आकाशातून?"

मी सांगितलं की तसं करता येणार नाही. नंबर कोरा राहिला तर पुढच्या कुठल्याच नंबरावर विश्वास ठेवता येत नाही. ते शांतपणे म्हणाले, "तुझे अण्णा सोडायचे की. दर महिन्याला पाच. मोजून."

अण्णा, मला ते माहीत होतं. तोवर माहीत आहे हे माहीत नव्हतं, इतकंच. मी आठ वर्षांची असेन. शाळा सुटल्यावर मी दुकानात येऊन तुमच्या मेजाखाली बसते आहे, महिन्याचा शेवटचा दिवस आहे, तुम्ही अंगठा ओला करून पाच पानं एकत्र उलटता आणि सहाव्यावर नव्या महिन्याची तारीख घालता. तुम्ही पाणी प्यायला उठता. मी मेजावर चढून त्या कोऱ्या पानावर आईच्या नावाने बिल लिहायला घेते, पितळी बादली, नग दोन. तुम्ही परत येता, माझ्या हातातून पेन काढून घेता. मारत नाही, आवाज चढवत नाही. म्हणता, "त्या पानाला नंबर हाय. नंबर असलेल्या पानाशी खेळायचं नसतं." मग त्या पानावर दोन तिरप्या रेघा मारता, खाली सही करता आणि मला उन्हात बाहेरच्या पायरीवर बसवता. तुमच्याकडून बोलणी खाल्लेली मला एवढीच आठवतात. मी पुढे जे काही शिकले त्याचा पाया मी तेच बोलणं मानत आले. परीक्षेच्या तोंडीत एका बाईंनी विचारलं होतं, हिशोबी प्रोग्रामात सर्वांत जपायचं काय. मी म्हटलं होतं, क्रमांक. मी कधी कुणाला सांगितलं नाही की हे उत्तर माझ्या वडिलांचं आहे, पण ते तुमचं होतं.

आणि तुम्ही पाच पानं सोडत होता. ती कशासाठी सुटतात हे कळायला हिशोबनीस असावं लागत नाही. बिलाशिवाय माल विकायचा, कर वाचवायचा, आणि कुणी फारच निकड लावली तर मागची तारीख घालून कोऱ्या पानावर बिल फाडायचं.

मी परभणीला साहेबांना फोन केला. ते म्हणाले, गिऱ्हाईक मागतंय ते द्या, दोन ओळींचं तर काम आहे. दोन ओळींचंच होतं. केलं नाही तर मशीन परत जाणार होतं आणि मला कंपनीच्या टायपिंगच्या वर्गावर शिकवायला पाठवणार होते, हे त्यांनी सांगितलं नाही तरी आम्हा दोघांना समजत होतं. पण मला त्याहून दुसरी गोष्ट आधी निकालात काढायची होती. माझे वडील सोडायचे, या एका वाक्यावर मालक माझ्याकडून खोट्याची सोय करून घेणार होते, आणि ते वाक्य खरं असेल तर नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं हे मला ठरवता येत नव्हतं. म्हणून मी ठरवलं की आधी तपासायचं. तुमच्या हातची शेवटची बिलबुकं गोदामाच्या माळ्यावर आहेत का, असं मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "शिडी नीट लाव."

बुकं होती. सुतळीने बांधलेली, वाळवी न लागलेली. मी महिन्याचे शेवट तेवढे काढून पाहिले. बहुतेक महिन्यांत पाचांतलं एखादं पान भरलेलं, बाकी कोरी. विधानसभेत नामांतराचा ठराव झाला त्या वर्षीच्या बुकात मात्र एप्रिल, मे आणि जून या तिन्ही महिन्यांच्या शेवटची मिळून पंधरा पानं होती आणि त्यातली अकरा भरलेली होती. सगळी तुमच्या अक्षरात. सगळी छपराच्या पत्र्यांची. गाव एकच, जिथे त्या पावसाळ्यात आपल्या लोकांची घरं जाळली. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, तुम्हाला सांगायची गरज नाही.

अण्णा, मी तिथे पोत्यावर बसून रडले वगैरे नाही. मी गोदामाची जावक वही मागून घेतली. माल बिलाचा असो की बिनबिलाचा, हमाल मोजल्याशिवाय गाडीत टाकत नाही, आणि तो आकडा जावकेत जातोच. मी तुमचं एकेक बिल घेतलं आणि त्या दिवसाच्या जावकेशी लावलं. आठ फुटी बारा, दहा फुटी सहा, त्या त्या तारखेला तेवढेच पत्रे गेलेले, समोर "कच्ची चिठ्ठी" असा शेरा. म्हणजे माल खरा, विक्री खरी, दिवस खरा. त्या माणसांनी उन्हाळ्यात पत्रे घेतले होते आणि मालकाने त्यांना हातात नुसती चिठ्ठी दिली होती. दहा बिलं अशी तंतोतंत लागली. अकरावं लागलं नाही. त्या तारखेला गोदामातून एकही पत्रा बाहेर गेलेला नव्हता. बिल एका बाईच्या नावाचं, आठ फुटी, नग आठ. मी दोनदा पाहिलं. पुढचा मागचा आठवडाही पाहिला. तुमचं अक्षर त्या बिलावर हललेलं नाही, हेही पाहिलं.

त्या दिवशी मी आईकडे गेले. ती हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती. मी सरळ विचारलं. ती म्हणाली, "तू त्येंचा हिसोब तपासायलीस व्हय? मास्तराची मास्तरीण." मग भाजी बाजूला सारली आणि सांगितलं. पंचनामा करणाऱ्यांनी त्या लोकांना म्हटलं होतं की पत्र्यांची भरपाई पाहिजे तर दुकानाची पावती दाखवा. जळालेले पत्रे वाकडे होऊन समोर पडलेले असताना पावती. ते लोक आपल्या घरी आले. "अन् तुझे अण्णा," आई म्हणाली, "माणूस दारात हुबा, घर जळालेलं, अंगावरच्या कपड्यानिशी आलेला, अन् हे इचारायलेत, आठ फुटी का दहा फुटी, गाडी कुणाची हुती, वार कंचा हुता. मला लाज वाटाय लागली. म्हणलं, अवो, जरा पाणी तर पिऊ द्या त्यांना. तर म्हणले, पाणी दे, तवर सांगू दे."

मी विचारलं, "आणि ती बाई?"

"ती शेवटाला आली. ती काई लबाड बोलली न्हाई. म्हणली, मास्तर, माझ्या घरावर पत्रेच न्हवते, पाचटाचं छप्पर हुतं, छपराचं कुणी काई देत न्हाई म्हणतेत. हे तसेच उठून दुकानात गेले. सांजच्याला आले न् म्हणले, आज एक खोटं बिल फाडलं. मी म्हणलं, एकच? म्हणले, एकच." आईने पुन्हा भाजी पुढ्यात ओढली. "लय दिवस तोंड बारीक करून हुते. दहा खऱ्याचं काई न्हाई, त्या एकाचं."

दुसऱ्या दिवशी मी मालकांसमोर बसले. म्हटलं, मी बुकं पाहिली. ते म्हणाले, "अकरा?" मी म्हटलं, अकरा. तेव्हा त्यांनी सांगितलं की तुम्ही एकेक बिल त्यांच्यापुढे सरकवलंत आणि त्यांनी सह्या केल्या. "न करून करतो काय. कोरी पानं कुणी सोडाय लावली हे मास्तरांना ठाऊक होतं. बिल झालं म्हणजे कर आला. दहा बिलांचा कर माझ्या बोकांडी बसला, जो मी वाचवून बसलो होतो. अकराव्याला मी म्हणलं, मास्तर, ह्ये पत्रे कधी गेले? म्हणले, गेले न्हाईत. तोंडावर. खोटं बोलले असते तर मी सही केली नसती." ते हसले. "माल गेला न्हाई, पैसा आला न्हाई, कर मात्र भरला. असलं बिल या मोंढ्यात दुसरं निघायचं न्हाई."

ते पुढे झुकले. "आता तूच सांग, पोरी. पानं कोरी नसती तर मास्तरांनी काय केलं असतं? म्हणून म्हणतो, सोय ठेव. कधी कामाला येईल सांगता येत न्हाई."

खरं सांगायचं तर हा डाव मी गृहीत धरला नव्हता. आदल्या दिवशी कर चुकवण्यासाठी मागितलेली जागा त्यांनी आता तुमच्या हाताने माझ्यापुढे ठेवली होती. मी म्हटलं, "त्या दहा जणांना पत्रे नेले त्याच दिवशी बिल मिळालं असतं, तर कोरी पानं लागली नसती. त्यांचं बिल घरात जळालं असतं तरी दुकानातून दुसरी प्रत निघाली असती. या मशीनमधून अर्ध्या मिनिटात निघते."

"अन् अकरावी?"

"तिला मिळालं नसतं."

"मग?"

"मग नाही."

त्यांनी कानावरची बिडी काढून बोटांत फिरवली. मग म्हणाले, "तू मास्तरांपेक्षा कडक हायेस." त्यांनी ते चांगलं म्हणून म्हटलं की वाईट म्हणून, मला ठरवता आलं नाही आणि मी ठरवायला बसले नाही.

मी त्यांना एक सोय मात्र करून दिली. वीज गेल्यावर बिलं हातानेच लिहावी लागतात आणि मग मशीनमध्ये चढवावी लागतात, तेव्हा उशिरा चढलेल्या बिलासाठी काहीतरी हवंच होतं. अशा बिलावर आता दोन तारखा येतात, माल गेला ती आणि बिल केलं ती. नंबर आजचा, पुढचा. मालकांनी लगेच मागच्या महिन्यातल्या एका बिनबिली विक्रीचं बिल करून पाहिलं, कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, "ह्यो कागद तर चहाडी करायलाय." मी म्हटलं, हो, त्याला तसंच सांगितलंय.

मशीन राहिलं, अण्णा. माझ्या बोलण्याने राहिलं असं नाही. चार दिवसांत दोन माणसं हरवलेल्या बिलाची दुसरी प्रत मागत आली. एकाची पाण्याची मोटर हमीच्या मुदतीत जळाली होती आणि बिलाशिवाय ती कुणी बदलून देत नव्हतं. पुन्हा निघालेला कागद त्याने घडी न करता दोन्ही हातांवर धरून नेला. ही गोष्ट मोंढ्यात फिरली आणि माणसं पत्रे घेताना स्वतःच म्हणू लागली, मशीनचं बिल द्या. मालक मला म्हणाले, "गिऱ्हाईक मागायलंय, ठेवावं लागंल." शेजारच्या खताच्या दुकानदाराने परवा मला बोलावून दर विचारला. साहेबांनी टायपिंगच्या वर्गाचं नाव पुन्हा काढलं नाही. मी माझं काम बरोबर केलं आहे, याबद्दल मला शंका नाही. आज पत्रे नेणाऱ्या कुठल्याही माणसाला तुमच्यासमोर उभं राहून वार आणि गाडी सांगावी लागणार नाही. तुमची दहा बिलं माझ्या प्रोग्रामात बसतात.

बुकं मी पुन्हा सुतळीने बांधून माळ्यावर ठेवली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते प्रोग्रामच्या कागदांबरोबर माझ्याच फायलीत राहील. फक्त एक गोष्ट उरली आहे, ती लिहून थांबते. काल दुपारी मालक जेवायला गेले असताना मी त्या बाईच्या नावाने एक बिल केलं. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, गाव, आठ फुटी, नग आठ. मशीनने नंबर दिला, आठ पत्रे शिलकेतून कमी केले. मी थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि ते रद्द केलं. रद्द केलेलं बिल मशीन पुसत नाही, नंबर आणि नाव तसंच ठेवतं आणि कारण विचारतं. कारण लिहिल्याशिवाय ते पुढे जात नाही, ही अट मीच घातली आहे. मी लिहिलं, टेस्ट. ती टेस्ट नव्हती.